टँकरला बांधलेला खण

आमच्या विश्रामला लाज राहिलेली नाही. रोज सकाळी, चहाच्याही आधी, तो अंगणात उतरतो आणि जिथं काहीच उभं नाही त्या जागेला फेरी मारतो. चार पावलं चालतो, थांबतो, पायानं हवेत ठोकर देतो, जसं काय तिथं टायर आहे. मग वाकून खाली बघतो, कुठं थेंब पडलाय का. भाडेकरू तोंडात ब्रश धरून गॅलरीत उभे राहतात. वरच्या खोलीतल्या बिहारच्या माणसानं तर परवा मोबाइलवर शूटिंग काढलं. मी खालून अशी काही बोलले, की त्याला मराठी येत नाही तरी सगळं समजलं.

त्रेचाळीस वर्षांचा बाप्या आहे. घरात बायको आहे. नवरा गेल्यावर मी भाताचं एक खाचर विकू दिलं नाही, वर रस्त्याच्या कडेला नऊ खोल्या उठवल्या. पिरंगुटात माझ्या घराकडे कुणाला बोट दाखवू दिलं नाही. आता सगळी आळी बोट दाखवते.

उत्कर्षा, माझी सून, म्हणते, "करू द्या त्यांना, आई. त्यानं त्यांना बरं वाटतं."

"बरं वाटतंय व्हय? तोंड बघ की त्याचं."

ते तोंड मी बघितलंय. फेरी मारत मारत तो पाठीमागं येतो, हात छातीएवढा वर करतो, एखादी गाठ सोडायला जावं तसा, आणि तसाच खाली घेतो. तेवढं मला बघवत नाही. तिथं काय होतं ते मला माहीत आहे.

सतरा वर्षं विश्रामनं ॲसिडचा टँकर चालवला. गाडी मालकाची, पण जपायचा अशी, की मी म्हणायचे, बायकोकडे एवढं बघितलं असतंस तर ती माहेरी कमी गेली असती. सुरू करायच्या आधी गाडीला पूर्ण फेरी. टायर ठोकून बघायचा, वॉल्व्हला हात लावून बघायचा, झाकणाचं सील बघायचा. आगीचा सिलिंडर आहे का, वाळूची बादली भरलीय का, रबरी हातमोजे, डोळे धुवायची पाण्याची बाटली. केबिनमध्ये एक कार्ड असायचं. आत कसला माल आहे आणि सांडला तर काय करायचं, काय करायचं नाही, ते त्याच्यावर मराठीत लिहिलेलं. ते त्याला पाठ होतं, तरी रोज काढून बघून परत ठेवायचा. दरवर्षी ट्रेनिंगला जाऊन लायसनवर शिक्का मारून आणायचा. भरलेली गाडी वस्तीत लावायचा नाही, हॉटेलपुढे लावायचा नाही. भाकरी खायचा तीसुद्धा गाडी नजरेसमोर ठेवून.

एकदा पौडच्या स्टँडवर मी उन्हात उभी होते, एसटी येईना. समोरून याचा टँकर आला. मी पिशवी उचलली. यानं लांबूनच हात केला आणि गाडी पुढं निघून गेली. घरी आल्यावर म्हणतो कसा, "आई, त्या गाडीत दुसरं मानूस बसवायचं नसतं."

"दुसरं मानूस? मी दुसरं मानूस व्हय रं?"

आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो रोज माझ्या ताटाशी येऊन बसायचा आणि तसाच उठायचा. नवव्या दिवशी मी बोलले, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. माझ्या रुसण्याला एवढं वजन आहे म्हणून.

गेल्या दसऱ्याला पलीकडच्या एकनाथनं नवा जेसीबी दारात आणला. ताशा काय, पेढे काय, त्याची आई अशी मिरवली की तो जेसीबी तिनंच जन्माला घातलाय. मी विश्रामला म्हणाले, "तू टँकर आन दारात."

"आई, त्यो घरी आनायचा नसतो."

"रिकामा आन."

"रिकामा म्हंजे रिकामा नसतो. तळाला राहिलेलं असतंय."

"सतरा वर्सं ज्याच्यावर खाल्लं त्याला एक नारळ न्हाई? एकनाथाची आई काय म्हनंल मला?"

त्यानं मालकाला काय सांगितलं कोण जाणे, पण आणला. उदबत्ती पेटवू दिली नाही, निरांजन पेटवू दिलं नाही. "नुसतं हळदकुंकू वाहा," म्हणाला. मला राग आलाच. मग म्हटलं, दिवा नाही तर नाही, नटवीन तरी अशी की गल्ली बघत राहील. पुढं आपट्याची पानं खोवली. दोन्ही बाजूंनी झेंडूच्या माळा अशा सोडल्या की बाजूच्या पाट्या त्यांच्याखाली गेल्या. मग पाठीमागं गेले.

तिथं चौकोनी बोर्ड होता. वर आकडे, खाली फोन नंबर, आणि कडेला एक चित्र. नळीतून थेंब पडतायत आणि खाली माणसाचा हात, त्या थेंबांनी खाल्लेला. मी चौथीपर्यंत शिकलेय, पाटी वाचायला मला वेळ लागतो. ते चित्र वाचायला लागला नाही. सणासुदीला माझ्या दारात असला हात! ओटीतला लाल खण काढला, बोर्डावर पसरला, चारी कोपऱ्यांना गाठी मारल्या आणि वरून तोरण बांधलं.

विश्राम पाठीमागं आला. त्याचा हात लगेच गाठीला गेला. "आई, ह्ये झाकायचं नसतं."

"हात लावू नगंस. तोरन वाळून आपसूक पडंस्तवर सोडायचं न्हाई. सोडलंस तर माजं तोंड बघू नगंस."

त्यानं हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. अंगणात गाडीला फेरी मारली. टायर, वॉल्व्ह, झाकण, सगळं बघितलं. पाठीमागं आला. मी दारात उभी होते. हात वर गेला, माझ्याकडे बघितलं, हात खाली आला. पुढं जाऊन सोडील असं मला वाटलं होतं, असं मी आता लोकांना सांगू शकते. पण ते खोटं आहे. मला वाटलं होतं, माझं ऐकलं.

कंपनीच्या गेटवर त्या दिवशी सगळ्याच गाड्यांना हार होते. सेफ्टीचा साहेब सुट्टीवर. कुणी काही म्हणालं नाही. टँकर भरला आणि विश्राम घोटावड्याच्या रस्त्यानं नेऱ्याकडे निघाला. रिह्याच्या अलीकडे वळणावर एक कार चुकीच्या बाजूनं अंगावर आली. तिला वाचवायला यानं टँकर डावीकडे घेतला, तो रस्ता सोडून भातात कलला. विश्रामचं डोकं काचेवर आपटलं आणि शुद्ध गेली. झाकणातून ॲसिड झिरपलं, खाली ओला चिखल, त्याचा धूर उठला.

बांधावर नरहरी होता. रिहे माझं माहेर, आणि नरहरी माझ्या भावाचा मुलगा. पाटातलं पाणी वळवत होता. धूर बघून पळत पाठीमागच्या बाजूनं आला. गाडी पेटली असं त्याला वाटलं. बादली भरली आणि ओतली. त्या ॲसिडवर पाणी घालायचं नसतं, ते उसळून अंगावर येतं. केबिनमधल्या कार्डावर तेच लिहिलेलं होतं. पण कार्ड आत, विश्राम आत, आणि बाहेर माझा खण.

दोन्ही डोळे गेले. मनगटापर्यंत हात भाजले.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. तोंडभर पट्ट्या. पायांच्या आवाजावर म्हणाला, "कोन?"

"मी. आत्या."

"विश्रामदादा कसा हाय?"

"बरा हाय. टाकं पडलं."

"मला मागनं कळलं त्योच व्हता म्हनून." पट्ट्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं. "आत्या, पाठीमागं लाल खण बांदल्याला व्हता. तोरन व्हतं. मी म्हनलं दुदाची गाडी आसंल, सनाची नटवलीय. न्हाईतर त्या हाताचं चित्र मला ठावं हाय की. आमच्या रस्त्यानं रोज जात्यात. चित्र दिसलं आसतं तर मी जवळ ग्येलोच नसतो, लोकास्नी बी मागं सारलं आसतं." मग म्हणाला, "कुनी बांदला आसंल गं?"

मी मोसंबी सोलत होते. एक फोड त्याच्या तोंडात घातली. मग दुसरी घातली. तो बोलूच नये म्हणून घालत राहिले.

घरी पोलीस येऊन गेले होते, कंपनीचे लोकही. विश्रामनं सांगून टाकलं होतं, "खण मीच बांदला. सोडायचा राहिला." तेव्हा मी आत चहा गाळत होते. सगळं ऐकू येत होतं. मी गाळत राहिले. माझ्या घराचं नाव, माझं नाव, एकनाथच्या आईचं तोंड, हेच डोक्यात. पण नरहरीच्या तोंडात फोडी घालून आल्यावर मला जेवण जाईना. सोमवारी कंपनीत विश्रामच्या जबाबावर सही व्हायची होती. एकदा सही झाली की लायसनवरचा शिक्का गेला, नोकरी गेली, आणि केस त्याच्या एकट्याच्या अंगावर. मी नवं लुगडं नेसले आणि त्याच्याआधी गेटवर जाऊन उभी राहिले.

सेफ्टीचा साहेब अमोघ नावाचा, माझ्या नातवाएवढा. "बसा, आजी," म्हणाला.

"बसायला आले न्हाई. खण मी बांदला. त्यो सोडत व्हता, मी सोडू दिला न्हाई. लिव्हा माजं नाव. लीलाबाई."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आजी, कुणी बांधलं असा रकानाच नाही फॉर्मात. गाडी हलवायच्या आधी बोर्ड उघडा आहे का, हे ड्रायव्हरनं बघायचं. घरच्यांनी बांधू दे, पुजाऱ्यानं बांधू दे. सोडायचं त्यानं."

"माज्या भ्यानं सोडला न्हाई त्यानं."

"मला कळतं, आजी. पण भीतीला रकाना नाही."

"आन् तुमच्या गेटवरच्याचं डोळं? ते बी सुट्टीवर व्हतं?"

"त्यालाही काढलंय," तो म्हणाला. माझ्याकडे बघेना.

एवढ्यात विश्राम आला. मला तिथं बघून त्याला सगळं समजलं. सही केली. शिक्क्याचं लायसन टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला, एकदाच. घरी येताना रिक्षात तो बाहेर बघत होता. त्याला महिना झाला. तेव्हापासून तो बोलत नाही आणि रोज सकाळी फेरी मारतो.

आज तो अंगणात उतरला तशी मीही उतरले. टायर झाले, वॉल्व्ह झाला, झाकण झालं. पाठीमागं आला आणि हात वर केला. मी पुढं जाऊन उभी राहिले, बरोबर खणाच्या जागी. गॅलरीतून भाडेकरू बघत होते. दारात उत्कर्षा होती. बघू देत.

"सोड," मी म्हणाले.

त्याचा हात तसाच वर राहिला.

"सोड म्हनते न्हवं. आता कुनाला भेतोस?"

"आई, काय सोडू?" महिन्यात पहिल्यांदा त्याचं तोंड उघडलं. "हितं काय बी न्हाई."

"हाय. ऐक आता, परत सांगनार न्हाई. गाडी तुजी व्हती, गाठ तुज्या हातात व्हती. सोडली आसतीस तर मी रुसले आसते, लई तर आठ दिस. ते आठ दिस तुला झेपलं न्हाईत, आन् नरहरीला जल्माचा अंधार झाला. ह्यो तुजा गुन्हा, त्यो मी माफ करनार न्हाई, मी आई आसले तरी. बांदला मी, आन् चित्र कळून बांदला. त्यो माजा. तुज्या गुन्ह्याला कागद हाय, तारीख हाय, तू कवा ना कवा सुटशील. माज्याला रकानाच न्हाई, विश्राम."