बोयांच्या अलीकडे

बायको बेटावर राहायला गेली तेव्हापासून तो तिला 'सरकार' म्हणू लागला होता. आधी रागानं म्हणायचा, मग गमतीनं, आणि हल्ली कुणी ऐकायला नसताना, होडीत एकटा असला की, स्वतःशीच.

झालं होतं असं. बेटाभोवतीचं पाणी सरकारनं मासेमारीला बंद केलं. माशांना अंडी घालायला आणि कासवांना वाळूवर यायला जागा राहिली पाहिजे, असा कायदा आला आणि पाण्यावर हद्द दाखवणाऱ्या केशरी बोयांची रांग तरंगू लागली. ज्यांचं पाणी गेलं त्यांच्या घरातल्या एकाला बेटावर राखणीचं काम मिळणार होतं. यानं नाक मुरडलं. ज्यांनी पोटावर पाय दिला त्यांची चाकरी करणार नाही, म्हणाला. बायको दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन स्वतःचं नाव देऊन आली.

कासवं येऊ लागली की जायचं आणि शेवटची पिल्लं पाण्यात गेली की परतायचं. मधे घरी येणं नाही. बेटावर फोनही लागत नसे.

घरात उरले तो आणि त्याची आई. मासे दक्षिणेला लागलेत असं सगळी वस्ती म्हणत असताना पोरगा रोज उत्तरेला का जातो, हे आईनं एकदा विचारलं. त्यानं वाऱ्याचं काहीतरी कारण सांगितलं.

"मग वाऱ्याला म्हणावं, डिझेल तरी भरत जा," आई म्हणाली आणि तिनं विषय सोडून दिला.

खरं कारण एवढंच होतं, की बोयांच्या कडेनं गेलं की बेटावरची पत्र्याची खोली दिसायची, आणि खोलीपुढच्या दोरीवर तिचे कपडे. कधी ती स्वतः दिसायची, बोटाएवढी, वाळूत वाकलेली. ती हात करायची, तो करायचा. दिवसभर जाळं ओढताना त्याला तेवढं पुरायचं. घरी आल्यावर पुरायचं नाही.

मग दोन दिवस दोरी रिकामी दिसली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला राहवेना. त्यानं होडी सरळ बोयांच्या आत घातली.

ती धक्क्यावर उभी होती, धडधाकट. टाकी गळत होती म्हणून धुणं थांबलं होतं, इतकंच. हसावं की रडावं, त्याला कळेना. तेवढ्यात तिचा कामातला जोडीदार, एक वयस्क राखणदार, खाली आला. त्यानं होडीत डोकावून जाळं पाहिलं, आपल्याला काही दिसलेलं नाही असं म्हणाला आणि चहा ठेवायला निघून गेला. जाळं घेऊन आत आलं की जाळं जप्त आणि होडी महिनाभर किनाऱ्यावर, हा नियम वस्तीत सगळ्यांना पाठ होता.

"जाळं काढून द्या," ती म्हणाली.

त्याला आधी थट्टा वाटली. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जाळं काढून दिलं. तिनं ते खोलीत नेऊन ठेवलं.

दोघं पायरीवर बसले. खांद्याला खांदा लागला. त्यानं विचारलं, "घरी कधी येशील?"

"पिल्लं गेली की." ती थांबली. "आधी तुमची होडी दिसेनाशी झाली की रडायचे. आता नाही रडत. मला इथं आवडायला लागलंय. त्याचीच भीती वाटते."



बायकोनंच नवऱ्याला पकडलं म्हणून वस्तीनं पोट धरून हसून घेतलं. तोही हसला. पण किनाऱ्यावरून बेट दिसत नसे, मधे डोंगराची सोंड होती. तो महिना त्याला खायला उठला.

हंगाम संपल्यावर ती आली. घर पुन्हा बोलतं झालं. तरी काम करता करता ती मधेच थांबायची, उत्तरेकडे तोंड करून, कुठेतरी लांब गेल्यासारखी. तसं लांब जाणं त्याच्या ओळखीचं होतं. अशा वेळी तो तिला हाक मारत नसे.

पुढच्या हंगामाचं बोलावणं आलं तेव्हा तिनं कागद घडी घालून डब्याखाली ठेवला.

"जा," तो म्हणाला. "मी आहे इथं."

निघायच्या दिवशी त्यानंच तिला बोयांपर्यंत सोडलं. राखणदारांची बोट तिला घेऊन लहान होत गेली. त्यानं इंजिन सुरू केलं नाही. भरतीचं पाणी होडीला हळूहळू घराकडे ढकलत होतं, आणि तो बेटाकडे तोंड करून बसून राहिला.