काच स्वच्छ होती

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी एकदाही खोटं बोललेलो नाही. अर्थात मला तोंडच नाही, त्यामुळे यात माझी फारशी थोरवी नाही.

एका कॉलेजने मला मोडीत काढलं तेव्हा ताईंनी उचलून आपल्या मत्स्यबीज केंद्रात आणलं. माझा एक स्क्रू कुरकुरत फिरतो. ताई त्याला ‘दुखरा गुडघा’ म्हणत. पुढे त्यांचाही तसाच झाला.

हौदात ताईंनी अकरा वर्षं वाढवलेले, पिल्लांसाठी राखलेले सव्वीस बीजमासे होते. एखादा भिंतीला अंग घासू लागला की ताई त्याला त्याच्याच पाण्याच्या बादलीत जिवंत आणत, अंगावरचा चिकटा हलकेच काचपट्टीवर घेत आणि मला डोळा लावत. कधी कधी किडे दिसत: गोल, दातेरी, चाकासारखे गरगर फिरणारे. मग माशांना मिठाच्या पाण्याची अंघोळ आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. काच स्वच्छ दिसली की ताई मला थोपटत, “शाब्बास रे म्हाताऱ्या!”

नियम एकच. मेलेला मासा तपासायचा नाही. मासा मेला की किडे त्याला सोडून दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात.

ताई गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या आणि कारभार धाकट्या भावाकडे आला. चौथ्या दिवशी दोन मासे तरंगले. त्याने त्यातलाच एक माझ्यासमोर आणला. “मेलेले आहेतच की, जिवंताला कशाला छळायचं?” असं तो मलाच म्हणाला. माणूस मनाने चांगला.

काच स्वच्छ होती. त्याने ताईंना फोन लावला.

“ताई, किडा नाही. एकही नाही.”

“जिवंत मासा घेतलास ना?”

“हो गं! मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“मग मीठ नको, उगाच त्रास त्यांना. पाणी बदल.”

त्याने पाणी बदललं. मनापासून, दिवसातून दोनदा.

तीन आठवड्यांनी ताई काठी टेकत आल्या. हौदात एकच मासा उरला होता. त्यांनी तो बादलीत घेतला, चिकटा काढला आणि बराच वेळ माझ्यावर वाकून राहिल्या.

“बघ,” त्या भावाला म्हणाल्या.

त्याने पाहिलं. “हे काय फिरतंय गं?”

ताईंनी काचपट्टी काढून बाजूला ठेवली.

“मी... तू ओरडशील म्हणून हो म्हणालो.”

“ओरडले असते रे,” ताई म्हणाल्या. “ओरडून झाल्यावर मीठ टाक म्हटलं असतं.”

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. काच मऊ फडक्याने पुसा, झाकण घाला. आणि आमच्यापुढे काय ठेवलं होतं, तेवढं मात्र खरं सांगा. आम्ही फक्त समोरचं दाखवतो.

ताईंनी त्या एका माशाला अंघोळ घातली. तो जगला. मीठ दारामागेच होतं. दोन पोती.