लाल उजेडाची फणी

"हलू नको वं. हलली का पुन्हा मांगून सुरू करा लागते."

"मानेले कळ लागली तरी हलू नाई का मानसानं?"

मधल्या घरात शकुबाई पाटावर बसल्या होत्या, तोंड भांड्यांच्या फळीकडे. त्यांच्या मागे स्टुलावर वासुदेवराव. हातात काळी, जाडजूड, विजेवर चालणारी फणी, आणि तिच्या दात्यांच्या मुळाशी लाल ठिपके पेटलेले. एका जागी थोडा वेळ धरायची, आतून 'टीं' वाजलं की बोटभर पुढे सरकवायची. हिंगणघाटच्या एसटी डेपोत अख्खी हयात काढलेला हा मेकॅनिक निवृत्तीनंतर बायकोचा भांग पाडत बसला होता. तोही दार लावून. बाहेर कळलं असतं तर समुद्रपूरची मंडळी तिकीट काढून बघायला आली असती.

"समोरच्या डब्यात पाहा," शकुबाई म्हणाल्या. फळीवरचा पितळी डबा त्यांनी घासून लख्ख केला होता. "तुमच्या हातात इंगळ धरल्यावानी दिसून राह्यलं."

"भाजते का?"

"नाई. काहीच त लागत नाई. मले वाटते हे सारं फुकटचं हाय."

"फुकटचंच हाय. आपन कुठं इकत घेतलं?"

खरंच होतं ते. फणी सचिनची, त्यांच्या मुलाची. पुण्याच्या नोकरीत त्याचं कपाळ मागे मागे सरकत गेलं, लग्न काही जमेना, म्हणून त्यानं अमेरिकेला गेलेल्या मित्राकडून ही लेझरची फणी मागवली. फणीनं काय दिवे लावले देव जाणे, पण सुरभीनं त्याला टकलासकट पसंत केलं. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि फणी समुद्रपूरच्या कपाटात येऊन पडली. "बाबा, डोक्याच्या कातडीले उजेड भेटला का केस धरतेत म्हनते. गॅरंटी नाई," एवढंच सचिन सांगून गेला होता.

शकुबाईंचे केस म्हणजे काय होते! रोहण्याहून नवी नवरी आली तेव्हा शेजारणी नुसती वेणी बघायला यायच्या. मग चिकनगुनियाची साथ आली. घरोघरी माणसं भिंत धरून चालत होती. शकुबाईंचे सांधे हळूहळू सुटले, पण केस जे गळायला लागले ते थांबेचनात. रोज फणीत मूठभर गुंतावळ. डॉक्टर म्हणाले, वयही झालंच की आता.

त्यांनी तेही सोसलं असतं. मोठी सोशिक बाई. पण एका संक्रांतीला शेजारच्या मीराबाईंकडे हळदीकुंकू होतं. मीराबाईंनी कुंकू लावलं, वाण दिलं आणि शकुबाईंच्या अंबाड्यात शेवंतीचं फूल खोचलं. सुपारीएवढा तो अंबाडा, त्यात फूल राहतंय कुठलं! ते घरंगळून तबकात पडलं. पुन्हा खोचलं, पुन्हा पडलं. मीराबाईंनी आपल्या चांगुलपणानं ते शकुबाईंच्या तळहातावर ठेवलं. "राहू द्या वैनी, हातातच घ्या."

पुढच्या संक्रांतीला शकुबाईंचे गुडघे दुखले. वासुदेवरावांना ते खरंच वाटलं. भोळा माणूस, बाम घेऊन आला. बामाची बाटली बघून बाईंचा बांध फुटला.

"नवरा जित्ता असतानी बाईच्या हातात फूल देतेत का कोनी? सवाष्नीच्या डोक्यात लावतेत. मी नाई जात आता कोनाच्या घरी."

आणि गेल्याच नाहीत. हळदीकुंकू सुटलं, मग डोहाळजेवणं, मग बारशी. दाराशी आलेल्या बाईशीही त्या पदर कपाळापर्यंत ओढून बोलायच्या. वासुदेवरावांना काय करावं कळेना. कपाटात ती फणी दिसली आणि त्यांनी ठरवलं, मशीन आहे ना? मग ते आपल्याला जमेल.

दिवसाआड बैठक सुरू झाली. त्या काळी लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून वासुदेवराव फणी आधी चार्ज करून ठेवत. शकुबाईही तयारीनं बसत. माका घालून उकळलेलं खोबरेल डोक्यावर थापून यायच्या. कोरड्या केसाला फणी लावू नये, हे आईनं शिकवलेलं. पावसाळाभर हा कारभार चालला. महालक्ष्म्यांना सुरभी आली. तिनं फणीसोबतचं इंग्रजी पुस्तक वाचलं, सासूच्या डोक्याला बोट लावलं, आणि हसू आवरेना म्हणून ओट्याला टेकली.

"आई, तेल लावून? अहो, केस धुतलेले अन् कोरडे पाहिजेत असं लिहिलंय यात. तेलातून उजेड जाणार कसा?"

वासुदेवरावांनी फणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे पावसाळाभर मी तेलालेच शेक देऊन राह्यलो होतो."

तिघंही हसली. त्या घरात असं हसणं पुष्कळ दिवसांनी झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तेल बंद. वासुदेवराव चुलीवर पाणी तापवून देत, डोक्यावर तांब्यानं ओतत, केस वाळेपर्यंत थांबत. आणि या वाळवण्यात, फणी फिरवण्यात शकुबाई बोलायला लागल्या. जन्मभर हा माणूस डबा घेऊन निघायचा आणि जेवायला परतायचा. बोलणार कधी? आता तो मागे बसलेला, तोंड दिसत नाही, त्यामुळे सांगणं सोपं झालं. रोहण्यात शिवणकाम शिकायचं राहून गेलं, ते सांगितलं. सासूनं पहिल्या दिवाळीला कसं रडवलं, तेही सांगितलं. एकदा म्हणाल्या, "सचिनच्या आधीची पोरगी गेली त्या दिवशी तुमी गाडीच्या ब्रेकडाऊनवर गेलते. मी तिले मांडीवर घेऊन तुमची वाट पाह्यत बसली होती."

फणी 'टीं' वाजली. वासुदेवरावांनी ती सरकवली नाही. पुन्हा वाजली, तरी हात तिथंच राहिला.

थंडी सुरू होता होता कानामागे मऊ लव आली. शकुबाई येता-जाता तिथं बोट फिरवून बघत. बाकी डोकं होतं तसंच. आणि दिवाळीच्या सुमारास लाल ठिपके विझले. 'टीं' तेवढं वाजत राहिलं. शकुबाई देवळात गेलेल्या पाहून वासुदेवरावांनी फणी खोलली. बसचं इंजिन एका दिवसात उतरवून चढवणाऱ्या माणसाला त्या इवल्याशा सर्किटातलं काही कळलं नाही. त्यांनी ती तशीच बंद केली आणि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाई म्हणाली असती, राहू द्या मग. पाट भिंतीला लागला असता, आणि बोलणंही. हे त्यांना नको होतं. लबाडी म्हणा हवी तर. मला तर त्या माणसाचं कौतुकच वाटतं.

संक्रांत आली. मीराबाईंचं बोलावणं आलं. शकुबाईंनी हिरवं लुगडं काढलं.

"जाऊन येतो जरा," त्या म्हणाल्या.

वासुदेवराव सोबत गेले आणि समोरच्या लिंबाखाली उभे राहिले. मीराबाईंच्या यजमानांनी आत बोलावलं, तर म्हणाले, "इथंच बरं हाय, ऊन हाय." ऊन कधीच उतरलं होतं. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा ते दोन पावलं दाराकडे गेले आणि परत लिंबाखाली आले. बऱ्याच वेळानं शकुबाई बाहेर आल्या, पदर डोक्यावर. वाटेत ते पुढे पुढेच चालले, मागं वळून पाहिलं नाही.

घरी येऊन शकुबाईंनी पदर खाली घेतला. अंबाड्यात फूल नव्हतं.

"पडलं?"

"पडलं. मीराबाई हातात द्याले आली त म्हटलं, नाई बाई, डोक्यातच लाव. पडलं त पुन्हा लावजो. तीनदा लावा लागलं तिले. साऱ्या बाया हासल्या, मी बी हासली." त्यांनी कमरेचं फूल काढून पितळी डब्यापुढे ठेवलं. "रस्त्यात एकदा पडलं, तवा उचलून खोचलं कमरेले. उद्या शोभाबाईकडच्या हळदीकुंकवाले जाचं हाय. आता बसा, आज आपला फणीचा दिवस हाय."

त्यांनी पाट ओढला. वासुदेवराव स्टुलावर बसले, फणीचं बटण दाबलं, भांग पाडला.

"डब्यात इंगळ दिवाळीपासून दिसत नाई," शकुबाई समोर बघत म्हणाल्या.

वासुदेवरावांचा हात थांबला.

"मंग तू बोलली काऊन नाई?"

"तुमी काऊन नाई बोलले?"

फणी वाजली.

"वाजलं ना," शकुबाई म्हणाल्या. "सरकवा पुढं."

वासुदेवरावांनी फणी बोटभर पुढे सरकवली.