हात लावू नये

प्रमोदिनीचे पत्र फेब्रुवारीत आले. पोस्टमनने ते माझ्याच हातात दिले. पाठवणारीचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच होता, छावणीतल्या आमच्या घराचा.

"सर, घरातल्या घरात टपाल?" तो हसला.

आत प्रमोदिनी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

पत्र मोजक्या ओळींचे होते. 'गर्भाशय काढल्याला तीन महिने झाले. त्या दिवसापासून तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपता. माझी औषधं, पथ्य, सगळं वेळेवर करता. पण तुमचा हात माझ्या अंगाला लागलेला नाही. तोंडाने विचारायला जमत नाही म्हणून लिहिते. तुम्हाला माझी किळस येते का?'

मी ते घडी घालून एका पुस्तकात ठेवले. अडतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून इतरांची वाक्ये कपाटांत नीट लावली, स्वतःचे एक कधी धड जमले नाही. 'नाही' एवढे तरी लिहायचे होते. पण दर तीन महिन्यांनी तिची तपासणी असे. ही एक पार पडू दे, मग लिहू, असे मी ठरवी. मार्चची पार पडली, जूनचीही. कॅन्सर परत आलेला नसे, भीती मात्र उठून पुढच्या तारखेवर जाऊन बसे.

प्रमोदिनीने पुन्हा विचारले नाही. चहाचा कप मात्र ती हातात देईनाशी झाली. टेबलावर ठेवून आत जाई.

सप्टेंबरच्या तपासणीनंतर इस्पितळातल्या समुपदेशक सुकेशनी मॅडमनी मला गाठले. दर वेळी त्या ऑपरेशन झालेल्या बायकांचा श्वासाचा वर्ग घेत आणि मी बाहेर बाकावर वाचत बसे.

"काका, आज पुस्तक मिटा. आज नवऱ्यांनी पण आत यायचं."

आत सिल्लोडकडचे एक जोडपे आधीच बसले होते. दगडाबाई आणि मेंढरे राखणारा तिचा नवरा मुंजाबा. तिचेही तेच ऑपरेशन झालेले.

"डोळे मिटा," मॅडम म्हणाल्या. "नवऱ्यानं हात बायकोच्या हातावर ठेवायचा. पुढं न्यायचा का थांबायचं, ते बायको सांगंल. दुसरं काही करायचं नाय. हात गार लागतो का ऊन, जड का हलका, तेवढंच बघायचं. मन पळालं की श्वासावर परत आणायचं."

"माझं तर मेंढरांत पळालं," मुंजाबा म्हणाला.

"पळू द्या. हात हितं ऱ्हाऊ द्या," दगडाबाई म्हणाली. "लई गार हाय, मॅडम. बर्फाचा गोळा धरल्यावाणी."

"मग काढू का?"

"काढा म्हणलं का मी?"

प्रमोदिनी हसली नाही. तिचा तळवा मांडीवर उताणा पडला होता. कितीतरी वेळाने मी त्यावर हात ठेवला.

"कापतोय," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली.

"हो."

"किळस?"

"भीती."

"कशाची?"

"तुला दुखेल. टाका उसवेल."

"अहो, टाके काढून दहा महिने झाले."

मला वाचनालय आठवले. शिवण उसवलेले पुस्तक मी स्वतः खळ लावून दाबाखाली ठेवी आणि वर चिठ्ठी लावी : 'हात लावू नये.' ती काढणेही माझेच काम असे. हे मी तिला हळूच सांगितले.

ती म्हणाली, "खळ किती दिवसांत वाळते?"

"एका रात्रीत."

तिने माझा हात उचलला आणि साडीवरूनच पोटावर, टाक्यांच्या रेघेवर नेऊन ठेवला.

"इथं मीसुद्धा बघत नाही. आंघोळीला भिंतीकडं तोंड करते."

माझ्या मनात आजच्या तपासणीचे कागद फडफडू लागले. तिचा श्वास आला, हात वर गेला. श्वास गेला, हात खाली आला. कागद पुन्हा फडफडले. पुन्हा श्वास आला.

"पुरे," ती म्हणाली. मी हात काढला.

रिपोर्ट सोमवारी मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी उत्तर लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिले : 'किळस कधीच नव्हती. भीती आहे आणि ती जाईल असे मला वाटत नाही. हे पत्र तुला मिळेल त्या दिवशी माझी गादी आतल्या खोलीत आणू का? हात कुठवर, ते तू सांग. रिपोर्टमध्ये काहीही आले तरी माझे विचारणे हेच राहील.'

छावणीच्या पोस्टात टपालपेटीच्या तोंडाशी पाकीट धरून मी उभा राहिलो. सोमवारी रिपोर्ट पाहून टाकावे, असे पुन्हा वाटले. मागे एक जण पाकीट घेऊन खोळंबला होता.

"चचा, डालना है ना?"

"हो, हो. टाकतो."

पाकीट आत पडल्याचा आवाज आला. माझा हात मात्र थोडा वेळ तिथेच राहिला, पेटीच्या गार पत्र्यावर.