फाटकावरचा कॅमेरा

उघड्यावर कॅमेरा लावणं म्हणजे भिंतीला कॅलेंडर टांगणं नव्हे, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. लोकांना वाटतं, चार स्क्रू मारले, वायर ओढली, झालं काम. अरे भिया, वर पाऊस आहे, मे महिन्यातलं ऊन आहे, कोळी आहेत, मुंग्या आहेत. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडावं लागतं, नाहीतर पाणी वायरीच्या मागोमाग घरात येतं. वायरीला कॅमेऱ्याखाली एक झोळ द्यावा लागतो, म्हणजे थेंब तिथंच गळून पडतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. देवासच्या कारखान्यात बावीस वर्षं मीटर आणि वायरी सांभाळल्या, कारखाना बंद पडला, मग हा धंदा धरला. तेव्हा मला कुणी अक्कल शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, या स्वभावापायीच गिऱ्हाइकं पळतात. पळू देत.

पण धारला भैयासाहेबांच्या घरी मीच चुकलो. एकदा नाही, दोनदा.

दोन हजार सात सालची गोष्ट. भैयासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा दरबारात कारभारी होते म्हणे. त्यातलं आता एक तलवार आणि बोलायची रीत एवढंच शिल्लक होतं. घर साधंच, नव्या कॉलनीतलं, पुढं अंगण आणि लोखंडी फाटक. मुलगा भोपाळला नोकरीला. सून ऋतिका धारलाच बँकेत. आणि भैयासाहेबांच्या थोरल्या बहीण, अक्का. लग्नानंतर दोनच वर्षांत माहेरी परत आलेल्या, त्या कायमच्या.

अक्कांचं वय ऐंशीच्या घरात. माणसं विसरत, दिवस विसरत, पण पाय मात्र शाबूत. दुपारी घर जरा लवंडलं की फाटक उघडून निघायच्या. कुठं, ते त्यांनाही ठाऊक नसे. मे महिन्यात तर बसमध्ये चढून थेट सरदारपूरला पोचल्या. कंडक्टर भला माणूस, परतीच्या गाडीनं घेऊन आला. त्या दिवशी ऋतिकानं अख्खं धार स्कूटरवरून पालथं घातलं होतं. ती वाईट मुळीच नव्हे, घाबरलेली होती. तिनं सांगून टाकलं की आता आणखी एकदा असं झालं तर फाटकाला कुलूप.

भैयासाहेबांनी मला हे सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं. शेवटी म्हणाले, "या घरानं अक्कांना आयुष्यात कुठं जाऊ दिलं नाही, अरविंदराव. आता म्हातारपणी मी त्यांना कोंडणार नाही. मला फक्त फाटक दिसत राहू दे. त्या निघाल्या की मी उठेन."

म्हणजे सगळा भार माझ्या कॅमेऱ्यावर. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुकानदारांच्या गल्ल्यावर नजर ठेवणारे कॅमेरे लावून कंटाळलो होतो.

छज्ज्याच्या खाली, फाटकाकडे तोंड करून कॅमेरा बसवला. वायर भैयासाहेबांच्या खोलीतल्या टीव्हीला जोडली. चित्र काळंपांढरं, पण स्वच्छ. मी शिडीवरून उतरलो तर खाली अक्का उभ्या. ठेंगणी, गोरी बाई, डोक्यावरून पदर. मला म्हणाल्या, मानाजी, किती दिवसांनी आलास. मी म्हटलं, मी अरविंद, देवासहून आलोय. त्या हसल्या, जणू मी गंमत करत होतो. मानाजी हा त्यांच्या वडिलांचा टांगेवाला, वारून चाळीस वर्षं झालेली, हे भैयासाहेबांनी नंतर सांगितलं. अक्का आत येऊन टीव्हीसमोर बसल्या. हे कुणाचं फाटक, म्हणून विचारलं. आपलंच, असं सांगितल्यावर बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, किती लांब गेलंय ते.

आता पहिली चूक. कॅमेरा लावला त्या दिवशी आषाढातली रिपरिप चालू होती. मी शहाण्यानं कॅमेऱ्याच्या डब्याच्या सगळ्या फटी सिलिकॉननं बुजवल्या, आणि त्या भरात डब्याच्या बुडाचं बारीक भोकही बुजवलं. ते भोक आतली ओल निघून जायला असतं. पावसाळी हवा मी आपल्या हातानं आत कोंडली. श्रावणात भैयासाहेबांचा फोन आला की फाटक ढगात गेलंय.

मी गेलो तेव्हा दोघं बहीणभाऊ टीव्हीसमोर बसलेले. पडदा दुधासारखा पांढरा, त्यात फाटकाच्या सळया मधूनच उमटत, मधूनच विरघळत. बाहेरून कुणी गेलं की एक सावली सरकायची, बस. आणि अक्का त्या सावल्यांना नावं देत होत्या. हे बाबासाहेब, कचेरीतून आले. या भवानीबाई, हळदीकुंकवाला निघाल्या. सगळी केव्हाच वारलेली माणसं, तरी भैयासाहेब हो हो म्हणत होते. मीही दारात उभा राहून बघत बसलो, किती वेळ ते कळलं नाही. मलासुद्धा एकदा वाटलं की माझा बाप सायकल धरून फाटकाशी उभा आहे. तो गेला त्याला पंधरा वर्षं झाली होती.

मग शिडी लावली, डबा उघडला, काच पुसली, बुडाचं भोक मोकळं केलं, ओल शोषणारी पुडी आत ठेवली. आपणच आपल्याला शिव्या घालत काम केलं. चित्र लख्ख झालं. आत गेलो तर अक्का रुसलेल्या. सगळ्यांना हाकलून दिलंस ना, म्हणाल्या.

पाऊस संपला की एकदा तपासून जाईन, असं कबूल केलं होतं. भैयासाहेबांनी दसऱ्यालाच जेवायला बोलावलं. सकाळी पोचलो. पाटावर तलवार मांडली होती. भैयासाहेबांनी माझं ड्रिल, टेस्टर, पकड, सगळं तलवारीशेजारी मांडायला लावलं. अक्कांनी एकेकाला हळदकुंकू वाहिलं. त्यांचे हात त्या वेळी काही विसरत नव्हते. मग त्यांनी वर छज्ज्याकडे बघितलं.

"आणि याला काही नाही?" म्हणाल्या. "दिवसभर उन्हात उभा असतो बिचारा."

मी शिडीवर चढलो. डब्याला कुंकवाचं बोट लावलं, काच सांभाळून. अक्कांनी खालून दिलेली झेंडूची माळ मागच्या बाजूनं गुंडाळून दिली. अगदी बेतानं बांधली होती. पण झेंडू जड असतो, आणि सुतळीचा स्क्रूसारखा भरवसा नसतो.

जेवणं झाली. श्रीखंडानं डोळे जड झाले होते. ऋतिका स्वयंपाकघरात आवराआवर करत होती. तिला वाटलं, दोन दोन पुरुष टीव्हीकडे बघतायत, मग काय काळजी. तेवढ्यात जरा वारा सुटला आणि माळ घसरून काचेवर आली. पडद्यावर फाटक दिसेना, नुसती फुलं. मी उठलो. भैयासाहेब म्हणाले, पूजेची माळ आजच्या आज उतरवू नये, उद्या सकाळी निर्माल्य म्हणून काढू.

आणि मी बसलो. मला, धंद्यातलं एक अक्षर कुणाकडून ऐकून न घेणाऱ्या माणसाला, ते पटलं. माझ्या स्वतःच्या दुकानात ड्रिलची माळ मी दुसऱ्या दिवशीच काढतो. सणाच्या दिवशी देवाच्या अंगावरचं फूल ओढायला हात धजत नाही. शिवाय अक्का तर आताच आमच्यासमोर जेवल्या होत्या, अंगणात तुळशीपाशी बसल्या होत्या. एका दुपारचा तर प्रश्न.

ती फुलं पडद्यावर हलत होती. एवढी मोठी, करडी, एकेक पाकळी वेगळी दिसत होती. वारा आला की सगळी डावीकडे जायची, मग सावकाश परत यायची. आम्ही दोघं बघत होतो. भैयासाहेब म्हणाले की लहानपणी दरबारच्या हत्तीच्या कपाळावर अशीच माळ असायची आणि हत्ती चालला की अशीच डोलायची. पुढं काहीतरी सांगत होते. मी ऐकत होतो असं मला वाटत होतं.

ऋतिकाच्या आवाजानं जाग आली. साडेचार वाजले होते. फाटक सताड उघडं, अंगणात कुणी नाही. पडद्यावर फुलं डोलतच होती. भैयासाहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मी तसाच बाहेर जाऊन अनवाणी शिडीवर चढलो आणि माळ ओरबाडून काढली. आता काढून काय उपयोग, पण काढली.

ऋतिकाच्या स्कूटरवर मागं बसून निघालो. तिनं तलावाकडे बघितलं, बसस्टँडवर विचारलं, मग स्कूटर मांडू रोडला वळवली. शेवटची घरं मागं पडली, शेतं लागली, आणि मैलाच्या दगडावर अक्का बसलेल्या दिसल्या. ओच्यात आपट्याची पानं. चपला धुळीनं पांढऱ्या. चेहरा असा उजळलेला की ऋतिका रागवायचं विसरली आणि स्कूटर आडवी टाकून त्यांच्या पायाशीच बसली.

मला बघून अक्का म्हणाल्या, "मानाजी, दरसाल तू पुरुषांना सीमोल्लंघनाला नेलंस. आम्ही आपल्या दारात तबक घेऊन उभ्या. आज म्हटलं, आपणच शीव ओलांडून यावं." आणि माझ्या हातावर एक पान ठेवलं. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं की आता घर कुठल्या बाजूला.

रिक्षानं घरी आणलं. भैयासाहेब फाटकात उभे होते. त्यांनी अक्कांकडून सोनं घेतलं, वाकून नमस्कार केला, आणि मग त्यांना वर उठता येईना; मी आणि ऋतिकानं धरून उठवलं. माफी मागायला मी तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच गप्प केलं.

शेवटची गाडी चुकली म्हणून मुक्काम पडला. सकाळी ऋतिका बाजारातून साखळी, कडी आणि कुलूप घेऊन आली. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. म्हणाली, "काका, तुम्हीच लावून द्या. मेरे से नहीं होगा." भैयासाहेब खोलीतून बाहेर आलेच नाहीत.

मी फाटकाच्या खांबात भोकं पाडली. अक्का शेजारी उभ्या राहून एकेक स्क्रू माझ्या हातात देत होत्या, मी मागायच्या आधीच. सण संपल्यावर घरात काहीतरी नवीन होतंय म्हणून खुशीत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काम झाल्यावर त्यांनी कुलूप हातात घेऊन बघितलं. दाबून बघितलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "किल्ली कुणाकडे राहणार, मानाजी?"

कुलपाबरोबर तीन किल्ल्या होत्या. मी घराकडे बघितलं, कुणी नव्हतं. म्हटलं, "आपल्याकडे, अक्कासाहेब." एक किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली आणि आत निघून गेल्या. ऋतिकाला दोन किल्ल्या दिल्या आणि दोनच होत्या म्हणून सांगितलं.

गाडीत बसल्यावर भान आलं. हे मी काय करून बसलो? पुढचे तीन महिने फोन वाजला की आधी धारचा नंबर तर नाही ना, ते बघायचो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, फोन करून सांगून टाका. रोज उद्यावर ढकललं. सांगितलं असतं तर ती गाठ सोडवून घेतली असती कुणीतरी.

जानेवारीत भैयासाहेबांचाच फोन आला. कोळ्यानं काचेवर जाळं केलंय, चारच्या आत येऊन पुसून द्याल का, एवढंच. ऋतिका बँकेत होती. जाळं काढलं, काच पुसली, डब्याचं रबर बदललं. सगळं आटपून त्यांच्या खोलीत गेलो तर पावणेचार झाले होते. भैयासाहेब टीव्हीसमोर खुर्चीत बसलेले. पायात बूट, गळ्यात मफलर, मांडीवर काठी. कुठं निघालात म्हणून विचारलं. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

अक्का चित्रात आल्या. फाटकाशी थांबल्या. पदराची गाठ सोडली, सावकाश. किल्ली लावायला जरा वेळ गेला. साखळी बाजूला झाली, फाटक उघडलं आणि त्या चित्रातून निघून गेल्या. मी धडपडत उठलो. भैयासाहेबांनी माझा दंड धरला.

"किल्ली तुम्ही दिलीत ते मी इथंच बसून पाहिलं होतं," ते म्हणाले. "त्या रोज चारच्या सुमारास निघतात. मी वीस पावलं मागं राहतो. आज लांब जाऊ की जवळ, ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

काठी टेकत ते उठले. थोड्या वेळानं मला पडद्यावर दिसले, फाटकातून बाहेर पडताना. मग तेही चित्रातून गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि ते दोघं परत येईपर्यंत उघड्या फाटकाकडे बघत राहिलो.