दुसऱ्या जातीचे काजवे

दहिसरला नदीकाठी जी बैठी घरं अजून उरली आहेत, त्यातल्या एकात देवेश आणि त्याची आई कमळ राहतात. घरामागे हातभर परस, त्यात अळू आणि केळ. यंदा तिथे काजवा दिसला आणि देवेशला वेडच लागलं. चाळिशीतला बाप्या, पण दिवेलागणीला बघावं तर अळवात उकिडवा. नर उडता उडता लुकलुकतो, एका जातीची मादी गवतात बसून सलग उजळते, असलं ज्ञान तो काजवे ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवर पाजळायचा. आईची तब्येत विचारायला मात्र त्याला सवड नसे.

एका सकाळी चहा देताना आई म्हणाली, "माका पण दिसतत रे काजवे. मागल्या दारात भांडी घासूक वाकलंय काय दिसतत."

आंधळा मागतो एक डोळा. देवेशने फोन सरसावला. "कुठल्या रंगाचे?"

"पिवळे. कधी हिरवट."

"सलग असतात की लुकलुकतात?"

"लुकलुकतत. डोळे मिटले तरी आसतत."

शहाण्याचा कान इथे टवकारला असता. हा मात्र टाइप करत होता, 'आमच्या परसात दुसरी जात!' मग तो रोज सकाळी विचारू लागला. आईही खुशीत सांगू लागली. पोराने इतक्या मायेने तिची विचारपूस कधी केली होती?

आठवड्याभरात ती मागल्या दारातल्या मोरीपाशीच कोसळली.

"प्रेशर फार चढलंय," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी चक्कर, अंधारी, काही होतं?"

"डोळ्यांपुढे काजवे दिसतत," आई खाटेवरून म्हणाली. "ह्येका सगळा ठाऊक आसा. रोज इचारता, रंग कसो, किती वेळ रवतत."

डोळ्यांपुढे काजवे! शेंबड्या पोरालाही कळणारी गोष्ट, आणि देवेशला ती आत्ता कळली. त्याचे कान तापले.

"मग लगेच का नाही आणलंत?"

"मला वाटलं... परसातले..."

आईने त्याच्याकडे पाहिलं. काय झालं ते तिलाही उमगलं आणि तिचा चेहरा उतरला. मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "मीच येवक तयार नाय होतंय. तो कधीचो सांगत होतो."

बाई तिलाच रागे भरू लागल्या. खरं सांगून टाकावं असं देवेशला फार वाटलं. पण लाजेने त्याला मान वर करवेना.