माझी तपकिरी तबकडी

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. पोलादी अंग माझं, आतलं यंत्र माझं, पण तोंड मात्र परकं. हसू नका, आधी ऐका तर खरं.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी तबकडी काळी कुळकुळीत होती. मोठ्या नावाचं, महागडं घड्याळ मी! पोहायला शिकवणाऱ्या एका मास्तरांनी एका व्यापाऱ्याचं पोर बुडताना वाचवलं, म्हणून त्या व्यापाऱ्याने मला त्यांच्या हातात बांधलं. मास्तरांना माझ्या किमतीचं सोयरसुतक नव्हतं. पाण्यात उतरताना ते मला तलावाच्या कठड्यावर उताणं ठेवायचे, रोज, भर उन्हात. भाजून भाजून माझा काळा रंग उतरला आणि मी कडक चहासारखा तपकिरी झालो. मास्तरांची लेक पाण्यातून डोकं वर काढून ओरडायची, "बाबा, तुमचं घड्याळ करपलं!" आणि दोघं खिदळायचे. तेच माझे सुखाचे दिवस.

मास्तर गेले. लेक तेव्हा नोकरीसाठी दूर होती. घर आवरताना तिच्या भावाने, बंदच पडलंय म्हणून, मला जुन्या घड्याळांच्या दुकानदाराला देऊन टाकलं. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं आणि मला दिव्याखाली धरलं. असा एकसारखा उतरलेला रंग फार क्वचित सापडतो म्हणे, आणि शौकीन लोक त्यासाठी जीव टाकतात. पण माझ्या यंत्रात पाणी शिरून गंज चढला होता. मग काय! मेल्याने माझी तबकडी सोडवली आणि एका धडधाकट, वयाने लहान घड्याळात बसवली. मला एक रंगवलेली काळी तबकडी लावून ट्रेच्या कोपऱ्यात ढकललं.

भावाशी भांडून, पत्ता काढत काढत लेक दुकानात आली. सोबत तिचा नवरा होता. तपकिरी तबकडी दिसताच तिने ते दुसरं घड्याळ उचललं. "हेच! हेच बाबांचं!"

नवरा वाकून बघत म्हणाला, "अगं, थांब जरा. तबकडी एवढी करपलीय, मग काट्यांवरचा रंग पांढराशुभ्र कसा? तेही उन्हातच होते ना?"

वा रे पठ्ठ्या! मी मनातल्या मनात ओरडलो.

"दुरुस्तीत काटे बदलतात हो," दुकानदार गोड हसला.

"मग मागचं झाकण उघडून दाखवा."

"उघडलं की आत ओल शिरते. ताईंच्या भल्यासाठीच सांगतोय."

"अहो, पुरे ना आता," लेक नवऱ्याला म्हणाली. "लहानपणापासून हा रंग बघितलाय मी. मी चुकेन का?"

आणि मित्रांनो, रंग ओळखण्यात ती चुकली नव्हतीच हो! त्या अचूक ओळखीनेच तर माझा घात केला.

नवऱ्याला काही पटेना. त्याने मला उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. "याचे काटे बघ कसे पिवळे पडलेत. तसे हवेत." इतक्या वर्षांनी लेकीचा हात! एकदा तरी टिकटिक करावी म्हणून मी जीव आटवला, पण गंजलेलं चाक काही हललं नाही. "छे, हे कुठलं आपलं," म्हणत तिने मला खाली ठेवलं. ते दुसरं मनगटावर बांधलं, त्याच्या काचेवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "चला बाबा, घरी."

म्हणून सांगतो, जुनं घड्याळ घेताना नुसत्या तबकडीवर भाळू नका. तबकडी आणि काटे एका वयाचे दिसतात का ते पाहा. झाकण उघडायला जो विक्रेता सबबी सांगतो, त्याच्या दुकानाची पायरी उतरा. आणि घरातली जुनी वस्तू बंद पडली म्हणून घाईने देऊन टाकू नका, आधी घरातल्या सगळ्यांना विचारा.

माझं म्हणाल तर दुकानदार आता मला सुट्या भागांसाठी मोडणार आहे. सोडवायला कुणी येणार नाही. या जगात मला शोधणारी एकच होती, आणि तिला वाटतंय की मी तिला सापडलोय.